नऊ फुटांची वाट

बाबा गेल्यानंतर अंगणात तेरा लांब दगड उरले. दोन-दोन फूट लांब, वीतभर रुंद, एक टोक छिन्नीने साफ केलेलं आणि दुसरं डोंगरातून निघालं तसंच. खाली लाकडी फळ्या घालून, एकाला एक लागू न देता त्यांनी ते आडवे मांडून ठेवले होते. भट्टीतून काढलेले पाव गार व्हायला ठेवतात तसे, असं बेकरीवाला म्हणाला. तो भेटायला आला होता, पण बोलताना त्याचं अर्धं लक्ष दगडांकडे होतं.

"ह्यांचं काय करणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही."

"दुकानापुढे बसायला बरे होतील. घाई नाही म्हणा. पाव थोडेच आहेत, शिळे व्हायला?"

बाबा हिवाळा संपता संपता गेले. छातीत कफ दाटला, चार दिवस अंथरुणात काढले, पाचव्या दिवशी नव्हते. तेव्हा मी आले आणि तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण एक पुस्तक छापायला जायचं होतं. मी खाली शहरात एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा आहे, आणि त्यात मी बरी आहे. आता उन्हाळ्याच्या तोंडावर दोन आठवड्यांची रजा काढून घर आवरायला आले होते.

आवरायला फारसं नव्हतंच. चार शर्ट, दोन कोट, एक कढई. हत्यारांची पेटी मात्र भरलेली होती: हातोडे, छिन्न्या, ओळंबा, गुण्या, सुताच्या दोऱ्यांचे गुंडे. तळाशी एक पातळ वही सापडली. त्यात दर वर्षी एक ओळ. वसंतातली एखादी तारीख आणि पुढे एवढंच: अर्धं बोट. अर्धं बोट. पाऊण. एक बोट. अशा अठ्ठावीस ओळी. शेवटची मागच्या वर्षीची, साडेतीन बोटं. तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "चार झाली की उघडायची." काय उघडायचं, ते लिहिलं नव्हतं. बाबा लिहायचेच इतकं कमी, की मला वाटलं एखाद्या झाडाचं माप असेल. वही मी ठेवायच्या वस्तूंत ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेची मुख्याध्यापिका आली. ती माझी वर्गमैत्रीण. सातवीत माझ्या बाकावर बसायची आणि माझी वही बघून गणितं उतरवायची.

"तुला आधी सांगितलेलं बरं," ती खुर्ची न घेता म्हणाली. "शाळेची मागची भिंत पाडायची आहे. तुझ्या बाबांची. फुगलीय. आज इंजिनिअर येणार आहे. पाडायच्या आधी तुला बघायची असेल तर ये."

"सगळी?"

"सगळी. साठ फूट. सुट्टी आहे तोवर पाडून नवीन बांधायची, असं चाललंय. मला वाईट वाटतंय गं. पण आत मुलं बसतात."

डोंगरात बाबांनी बांधलेलं खूप काही होतं, पण बहुतेक घरांना नंतर गिलावा झाला, रंग लागले, मजले चढले. दगड दगडासारखा दिसेल अशी त्यांची मोठी भिंत ही एकच उरली होती. तरी मी लगेच उठले नाही. त्या भिंतीशी माझं बरं नव्हतं.

ती बांधली त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. आई खालच्या गावातल्या दवाखान्यात होती. पानगळ सुरू झाली होती, आणि बर्फ पडायच्या आत शाळेवर छप्पर चढायला हवं होतं. बाबा दिवसभर भिंतीवर असायचे, संध्याकाळच्या बसने दवाखान्यात जायचे, सकाळच्या बसने परत यायचे. मग एका दुपारी आई गेली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहिलं, तर बाबांचे बूट दारात नव्हते. मी शाळेच्या वळणापर्यंत गेले. बाबा भिंतीवर होते. दगड उचलत होते, ठेवत होते, पुन्हा वाकत होते. मी तिथूनच मागे फिरले.

त्या आठवड्यात ते घरी लवकर यायचे. एरवी हातातला दगड दिसेनासा झाल्याशिवाय न येणारा माणूस, पण तेव्हा अंगणात ऊन असतानाच दार वाजायचं. मी माझ्या खोलीचं दार लावून वाचत बसायचे. दाराबाहेर ते खुर्ची ओढायचे, तिचे पाय फरशीवर करकरायचे, आणि मग काहीच ऐकू यायचं नाही. मी दार उघडलं नाही. उरलेलं वर्ष त्या नव्या भिंतीच्या आत, तिच्याकडे पाठ करून शिकले आणि पुढच्या वर्षी शहरात मावशीकडे गेले, ती गेलेच. सतराव्या वर्षी सुट्टीत आले असताना एकदा विचारलं होतं, "तुम्ही तिसऱ्या दिवशी कामावर कसे गेलात?" बाबा छिन्नीला धार लावत होते. म्हणाले, "छप्पर यायचं होतं." त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी नीट वागलो, आयुष्यभर. नीट वागणं ही किती लांबून करायची गोष्ट आहे, ते तेव्हा कळत नव्हतं.

तर मी गेले.

शाळेमागे इंजिनिअर आधीच पोचली होती. तिशीतली, चष्मेवाली, बुटांना चिखल लागलेली. बोलण्यात घाई नव्हती. तिच्या शेजारी ओळंबाकाका. बाबांबरोबर चाळीस वर्षं काम केलेला हा माणूस इतका सरळ आणि सडसडीत, की डोक्याला दोरी बांधून लटकवला तर भिंत तपासता येईल, असं बाबा म्हणायचे. नाव तिथूनच पडलं. आता ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि ओळंब्यालाही जरा बाक आला होता.

"ये चिपे," ते म्हणाले. चीप म्हणजे दोन मोठ्या दगडांच्या फटीत बसवायचा लहान चपटा तुकडा. लहानपणापासून मी चीप.

भिंत मधोमध फुगली होती. लांबून कळलं नसतं. जवळ गेल्यावर मात्र दगडांच्या ओळी एखाद्या झाकल्या वस्तूवरून गेल्यासारख्या बाहेर येऊन परत आत जात होत्या.

"भिंतीला पोट आलंय," इंजिनिअर म्हणाली.

"तिशी उलटली की कुणाला येत नाही?" काका म्हणाले. "हिने तर बाळंतपणं पण पाहिली नाहीत."

इंजिनिअर हसली, पण पुढचं तिने गंभीरपणे सांगितलं. "वरच्या उतारावरून पाणी येतं, भिंतीत मुरतं, थंडीत गोठतं आणि फुगतं. आज इथे दिसतंय, उद्या तिकडे दिसेल. पाण्यामुळे असेल तर तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. पूर्ण काढून काँक्रीटची भिंत घ्यावी लागेल. वरून पातळ दगड चिकटवू. ओळखूही येणार नाही."

"दगडाचं पोस्टर," काका पुटपुटले.

"काका, तुम्ही बांधताना होतात. तुमचं काय मत?"

"पाणीच आहे, मॅडम."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ओळंबाकाका आयुष्यात कुठल्याच इंजिनिअरशी पहिल्या वाक्यात सहमत झाले नव्हते. सूर्य पूर्वेला उगवतो असं इंजिनिअरने सांगितलं, तर हा माणूस आधी पश्चिमेला बघून येईल. आणि आता ते माझी नजर टाळून बुटाने माती उकरत होते.

त्या दोघांचं बोलणं चालू असताना मी भिंतीच्या टोकाला गेले आणि तिच्यावर हात ठेवून चालू लागले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

हा आमचा जुना खेळ होता. बाबा मला शाळेत सोडायला यायचे तेव्हा वाटेवरच्या प्रत्येक भिंतीत लांबा शोधायला सांगायचे. "भिंत एक नसते," ते म्हणायचे. "दोन असतात. एक बाहेरची, एक आतली, मधे बारीक दगडांची भर. दोघींना धरून ठेवतो तो लांबा. ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत एकच दगड. तो नसला, की दोघी आपापल्या वाटेने जातात. घाईने नाही. तीस वर्षं घेतात." लांबा बाहेरून दिसत नाही, त्याचं फक्त तोंड दिसतं: इतर दगडांहून लहान, चौकोनी. दर तीन फुटांवर एक. आणि दर दोन फूट उंचीवर तशी एक रांग. बाबांच्या भिंतीत हे कधी चुकायचं नाही. डोळे मिटून चालले तरी बोटांना कळायचं.

एक. तीन फुटांवर दुसरा. मग तिसरा. पोट सुरू झालं तिथे माझा हात पुढे सरकत राहिला आणि थांबलाच नाही. मी खाली वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. सगळे आडवे, रुंद दगड. नऊ फुटांत एकही लांबा नव्हता. नऊ फूट संपल्यावर पुन्हा सुरू. एक, आणि तीन फुटांवर दुसरा.

पोटाच्या बरोबर खाली दगडांची किनार घातलेला फुलांचा वाफा होता. त्यात शेवाळ सोडून काही नव्हतं.

"हा वाफा कुणी केला?" मी मुख्याध्यापिकेला विचारलं.

"तुझ्या बाबांनीच. खूप वर्षं झाली. म्हणाले, इथे ऊन छान येतं, मुलांना फुलं लावू द्या. आता तू सांग, उत्तरेकडची बाजू ही. दिवसात तासभर ऊन नाही. किती बिया वाया घालवल्या. आतल्या बाजूला कपाटंही त्यांनीच ओळीने लावून घेतली."

म्हणजे ह्या नऊ फुटांजवळ, बाहेरून किंवा आतून, एकही मूल बसू शकत नव्हतं. मला वहीतली बोटं आठवली.

दुपारी मी ओळंबाकाकांकडे गेले. ते पायरीवर बसून कुऱ्हाडीचा दांडा तासत होते. मी वही त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"सापडली होय," ते म्हणाले.

"काका, त्या नऊ फुटांत लांबे नाहीत."

"म्हातारपणी डोळे जातात, पण तुझे नाही गेले."

"मी त्रेचाळीस वर्षांची आहे."

"तेच म्हणतो."

"पाणी नाहीये ते. तुम्हाला माहीत आहे. इंजिनिअरला खोटं का सांगितलंत?"

त्यांनी दांडा बाजूला ठेवला. "पाण्याला बोल लावला तर पाणी रडत नाही. तुझा बाप गेला, चिपे. पन्नास वर्षं त्याने ह्या डोंगरात दगड लावले, आणि एका घराने म्हटलं नाही की हा वाकडा बसला. आता मी उठून सांगू, की त्याने शाळेच्या भिंतीत बिनलांब्याचा तुकडा घातला? भिंत काय, पडेल. काँक्रीटची बांधतील. नाव तरी उभं राहील."

"कसा राहिला तो तुकडा?"

त्यांनी दांडा परत हातात घेतला. मग दांड्याने जमिनीवर एक रेघ ओढली, तिच्या मधे जागा सोडली. "भिंत बांधताना दगड आत न्यायला वाट लागते. मधे नऊ फूट मोकळे ठेवले होते. ते सगळ्यात शेवटी बुजवायचे. तोवर लांबे संपले होते. लांबा कुठल्याही दगडाचा होत नाही, तो खाणीतून निवडून, फोडून आणावा लागतो. वरच्या खाणीवर जायचं म्हणजे दोन रात्री तिथेच राहायचं. आणि उचलायला दोघं लागतात." त्यांनी रेघ बुटाने पुसली. "ठरलं होतं जायचं. तेवढ्यात तुझी आई गेली."

"मग?"

"मग तो म्हणाला, मी खाणीवर येणार नाही. पोर घरात रात्री एकटी राहील. माझी बायको म्हणाली, तिला आमच्याकडे ठेवा दोन रात्री. तो म्हणाला, आई जाऊन तीन दिवस झालेत, आता बापही दिसला नाही तर काय समजेल ती? मी म्हटलं, थांबू मग. तर छपराचे लोक सोमवारी येणार होते, वर ढग दिसत होते. तो म्हणाला, आहे त्यात बंद करू. मी चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य तेवढं एकदाच ऐकलं. रोज दुपार कलली की हातोडा खाली ठेवायचा. उजेड आहे तोवर मला घरी पोचायचंय, म्हणायचा."

समोरच्या घराच्या खिडकीत कुणी तरी चादर झटकत होतं. मी तिकडे बघत राहिले.

"मला का नाही सांगितलं?"

"मला पण बंदी होती. म्हणायचा, पोर स्वतःला लावून घेईल. आधीच कमी बोलते." काकांनी वही उघडली, बोटांच्या ओळींवरून अंगठा फिरवला. "पहिली दोन-तीन वर्षं हललीच नाही. मग दर वर्षी बर्फ वितळला की जाऊन माप घ्यायचा. मी म्हणायचो, उघडू आणि नीट करू. तर म्हणे, चार बोटांपर्यंत धोका नाही, उघडली की लोक विचारतील आणि तिच्या कानावर जाईल. पण मागच्या पानगळीत म्हणाला, आता उघडायची. आम्ही दोघं खाणीवर जाऊन राहिलो. दोन म्हातारे, दोन रात्री. बारा लांबे आणि एक जास्तीचा, कारण एक नेहमी फुटतो. ह्या उन्हाळ्यात लावायचे होते."

म्हणजे अंगणातले ते. बेकरीवाल्याच्या बाकासाठी मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

"काका," मी म्हणाले, "कारण पाणी असेल तर साठही फूट जाणार. चूक बाबांची असेल तर नऊच."

"कळतंय मला."

"मग मी सांगणार आहे."

"तू त्याची मुलगी आहेस की शत्रू?"

"मुलगी आहे."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग दांडा उचलून पुन्हा तासायला लागले. "सांग मग. पण बाकीचं सांगू नकोस. खाणीचं. ते लोकांचं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात आम्ही पाच जण बसलो: मुख्याध्यापिका, इंजिनिअर, शाळेच्या समितीवर असलेला बेकरीवाला, ओळंबाकाका आणि मी. मी सांगितलं, की त्या नऊ फुटांत दोन्ही तोंडांना बांधणारा दगड नाही. उरलेल्या भिंतीत आहे, हाताने मोजता येतो. चूक बांधणाऱ्याची आहे. बांधणारे माझे वडील. त्यांना ती माहीत होती, ते माप घेत होते, दुरुस्तीचे दगड तयार आहेत.

हे बोलायला जेमतेम दोन मिनिटं लागली. इंजिनिअरने वही मागून घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"अठ्ठावीस वर्षं," ती म्हणाली. "माझ्याकडे असली मापं कुणाकडूनच येत नाहीत."

तिने बाहेर जाऊन साठ फुटांवर बारा ठिकाणी ओळंबा सोडला, आतली कपाटं हलवून आतूनही सोडला. दोन तास लागले. परत येऊन म्हणाली, "नऊ फूट उघडा. बाकीची माझ्यापेक्षा सरळ आहे."

मुख्याध्यापिकेने अहवालाचा कागद पुढे ओढला. "कारणात काय लिहू?"

काका खिडकीबाहेर बघत होते.

"बांधकामातील दोष," मी म्हणाले.

तिने लिहिलं. खाली एक रकाना होता, 'बांधकाम करणाऱ्याचे नाव'. तोही भरला. मग वाचायला माझ्याकडे दिला. मी सवयीने पेन उचललं, कागद दोनदा वाचला. व्याकरण बरोबर होतं, नाव बरोबर होतं. जे चुकीचं होतं ते दुरुस्त करायला कागदावर जागा नव्हती. मी सही केली.

"म्हणजे आता माझं घरही बघायला हवं," बेकरीवाला दारात म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. ते घर बाबांनीच बांधलं होतं.

पुढचे चार दिवस गावात हेच चाललं. लोकांनी दोरीला किल्ल्या बांधल्या, कुलपं बांधली, एकाने तर चहाची किटली बांधली, आणि आपापल्या भिंतींपाशी एक डोळा मिटून उभे राहिले. मी दुधाला गेले की बोलणं थांबायचं. एका म्हातारीने मला बोलावून तिच्या स्वयंपाकघरातला कोपरा दाखवला आणि विचारलं, "हा पडेल का गं? तुझ्या बापाने केलाय." मी हात लावून पाहिला. एक, तीन फुटांवर दुसरा. म्हटलं, नाही पडणार. तिचा विश्वास बसला नाही. एक आठवड्यापूर्वी तिने विचारलंही नसतं.

बेकरीवाला आला तेव्हा त्याच्या हातात अजून दोरी होती. "तुझ्या बापाची भिंत सरळ आहे," तो म्हणाला. "माझी फरशीच उतरती निघाली. ती मी घातली होती." मग दोरी गुंडाळत, "मी त्या दिवशी जे बोललो..."

"राहू द्या."

"ते दगड मात्र आता मागत नाही."

सोमवारी भिंत उघडली. काकांच्या हाताखाली खालच्या गावचे दोन गवंडी होते. आधी वजन लाकडांवर घेतलं, मग एकेक दगड काढून, खडूने आकडा घालून गवतावर मांडला. मी सगळा वेळ उभी होते. इतकी पुस्तकं वाचली आहेत, त्यामुळे असेल; भिंतीच्या पोटातून काही तरी निघेल असं मला आत कुठे तरी वाटत होतं. एखादी वस्तू, एखादा कागद. काही निघालं नाही. बारीक दगडांची भर होती, आणि तीही हाताने एकेक बसवलेली नव्हती. टोपलीने ओतलेली होती.

काका भरीपाशी वाकले, मूठभर दगड उचलले. "हे मी ओतलं होतं," ते म्हणाले. "तो म्हणाला, ओत. मी ओतलं. मी तरी बसवून घ्यायचं होतं."

मी त्यांच्या हातातले दगड काढून घेतले आणि गवतावर ठेवले.

लांबे अंगणातून हातगाडीवर आणले. उचलायला खरंच दोघं लागतात, एक टोक धरायला मी गेले, तर काकांनी फक्त एवढंच सांगितलं, "पाठीने नको, गुडघ्याने." पहिला लांबा भिंतीवर चढला. त्याचा साफ केलेला भाग बाहेरच्या तोंडाशी आला, आतला खडबडीत भाग आतल्या दगडांत रुतला. काकांनी दोरी ताणली, हातोड्याने दोनदा टिचकी मारली, थांबले.

"बाहेर जास्त आलाय. आत घेऊ?"

"किती जास्त?"

त्यांनी बोट लावलं. "एक बोट."

"राहू दे तेवढा."

"ओळंब्यात चूक दिसेल."

"दिसू दे. मुलांच्या हाताला लागेल."

पुढचे अकराही काकांनी तसेच एक बोट बाहेर ठेवले, अगदी नेमके. चूकही त्यांनी दोरी लावून केली. भर मी बसवली. एकेक दगड फिरवून, त्याची जागा सापडेपर्यंत. एक लांबाही फुटला नाही.

शुक्रवारी काम संपलं. मी भिंतीच्या टोकापासून हात लावून चालत गेले. जुने लांबे, मग नवे तीन, मग पुन्हा जुने. नव्यांपाशी बोटं अडखळत होती.

"त्याला आवडलं नसतं हे," काका मागून म्हणाले. "एक बोट बाहेर."

"नसतंच आवडलं."

"पण बोलला नसता."

"नाही," मी म्हणाले. "बोलले नसते."

उद्याची बस सकाळची होती. घरी आले तेव्हा अंगणात ऊन होतं, आणि फळ्यांवर तेरावा दगड एकटा पडला होता. घरातलं सामान बहुतेक देऊन झालं होतं. बाबांची खुर्ची मी अजून कुणाला दिली नव्हती. ती उचलून आणता आली असती, पण मी ती ओढत माझ्या खोलीच्या दाराशी आणली. फरशीवर तिच्या पायांचा आवाज अजून तसाच येतो.

मग मी आत गेले, दार लावून घेतलं आणि पलंगावर बसले. बराच वेळ बसले. उजेड जायच्या आत उठून दार उघडलं.